पुढचं वजन

उकंडाच्या छोट्या ट्रॅक्टरचं नाक उचलायला लागलं, तेव्हा त्यानं सगळा दोष ट्रॅक्टरला दिला. दुसरं काही त्याच्या डोक्यातच आलं नाही. ट्रॅक्टर सेकंडहँड होता, आणि सेकंडहँड वस्तूला नावं ठेवायला फार विचार करावा लागत नाही.

त्याचं गाव राळेगावच्या पुढे, नाल्याच्या काठी. कपाशीच्या दोन ओळींतून बिनबोभाट जाईल असा मिनी ट्रॅक्टर दारात असला, की त्या भागात माणसाला उसंत मिळत नाही. घरची जमीन थोडकी, म्हणून उकंडा माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर लावून आजूबाजूच्या शेतांत काम करत फिरायचा. अडचण एकच होती. ट्रॅक्टर हलका आणि मागचा रोटाव्हेटर जड. तो वर उचलून चढावर निघालं की पुढची चाकं जमीन सोडायची आणि स्टेअरिंग हातात नुसतं गरगर फिरायचं. नाल्याच्या थडीवर, काठाच्या उभ्या चढावर, तर जीव मुठीत धरावा लागे. यावर उपाय म्हणजे पुढं वजन लावणं. बंपरला अडकवायला लोखंडी वजनं मिळतात. बंपरवर माणूस बसवू नये असंही कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असणार, पण ते पुस्तक पहिल्या मालकानंच हरवलं होतं. आणि उकंडाला वजन घरातच सापडलं होतं. ते म्हणजे त्याची बायको, नलू.

खताचं रिकामं पोतं चौघडी करून बंपरवर टाकायचं आणि नलूनं त्यावर ट्रॅक्टरकडे तोंड करून बसायचं, बोनेटच्या जाळीला हातानं धरून. म्हणजे दिवसभर नवऱ्याचं तोंड तिच्यासमोर आणि तिचं तोंड नवऱ्यासमोर. इंजिनच्या आवाजात बोलणं व्हायचं नाही, पण खाणाखुणा चालायच्या. चहा प्यायचा असला की ती अंगठा तोंडाकडे न्यायची. बांधावर कोणी ओळखीचं दिसलं की भुवया उडवायची. माणसं चिडवायची, “आलं बापा उकंडाचं लोखंड!” त्यावर नलू तिथूनच ओरडायची, “लोखंड नाई, सोनं हाय सोनं!”

तिला ती जागा किती आवडायची हे उकंडाला माहीत नव्हतं. बायकांच्या आवडीनिवडी विचाराव्या लागतात, आणि उकंडा विचारणाऱ्यांतला नव्हता. नलूचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या कपाशीत कमरेत वाकून, ओटीत कापूस भरण्यात गेलं होतं. एकुलती पोरगी दीपा लग्न होऊन पांढरकवड्याला गेली आणि घर तिला खायला उठायला लागलं. तशात हा ट्रॅक्टर आला. आता ती ताठ बसून, सगळ्या शिवारापेक्षा उंचावर, कामाला जायची. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण नवऱ्यासमोर निवांत बसायला मिळालं ते आत्ता.

एकदा चहाच्या टपरीवर चार माणसांत उकंडा गमतीत बोलून गेला, “वेल्डिंगवाल्या संघदीपकडून लोखंडाचा ठोकळा आणतो अन् बांधतो समोर. मंग नलूची सुट्टी! लोखंडाले चाय बी लागत नाई अन् भाकर बी नाई.” माणसं हसली. नलू हसली नाही. तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि ट्रॅक्टरकडे जाऊन पोतं झटकत बसली. उकंडाला वाटलं, चहा गार झाला असेल.

सोयाबीन निघालं आणि हरभऱ्यासाठी शेतं तयार करायची घाई सुरू झाली. तेव्हा पहिल्यांदा नाक उचललं. थोडंसंच, पण इतके दिवस ते कधी उचललं नव्हतं. उकंडानं हात हलवून खूण केली, पुढं सरक. नलू बंपरच्या अगदी टोकाला सरकली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्यानं चाकांची हवा पाहिली, रोटाव्हेटरमध्ये अडकलेली माती खरवडून काढली, ग्रीस भरलं.

दिवाळीच्या सुट्टीत दीपा आली. आईला पाहताच म्हणाली, “बाबा, आई किती वाळून राह्यली! खाते का नाई काई?”

“काम करणारं माणूस वाळणारच ना,” उकंडा म्हणाला. “तुह्यासारखी टीव्हीसमोर बसली असती तं सुटली असती भोपळ्यावानी.”

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं नलू हसली. जेवताना तिनं अर्धी भाकरी हळूच टोपल्यात परत ठेवली, तेवढं कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर मात्र नाक शहाण्यासारखं खाली राहिलं. हिवाळाभर राहिलं. उकंडा चारचौघांत सांगायचा, ग्रीस भरलं की बिघाड पळतो. नलू थंडीची म्हणून दोन ब्लाऊज आणि वर स्वेटर घालायची. कापूस वेचायची जुनी ओटी तिनं पुन्हा कमरेला बांधायला सुरुवात केली होती. उकंडानं विचारलं तेव्हा म्हणाली, “येता येता बांधावरची भाजी खुडाले बरी पडते.” भाजी अधूनमधून घरी यायचीसुद्धा.

होळी झाल्यावर कपाशीची वाळली पऱ्हाटी काढलेल्या शेतांचं काम आलं आणि एका दुपारी गावातल्या मारोतरावांच्या शेतातून परत निघताना, नाल्याच्या थडीवर, पुढची दोन्ही चाकं वीतभर हवेत गेली. नलू जाळीला लटकली. उकंडानं रोटाव्हेटर धाडकन खाली सोडला, ट्रॅक्टर आपटला आणि थांबला. जीव वाचला तसा त्याला राग आला. भीती वाटली की त्याला रागच यायचा.

“झोपते का समोर बसून? भार टाक ना अंगाचा! एवढंच तं काम हाय तुले!”

नलूनं खाली उतरून थडीला पाठ टेकली आणि कमरेची ओटी दोन्ही हातांनी सावरून धरली. तिच्या कपाळावर घाम होता. उन्हाचा असेल, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो राळेगावला संघदीपच्या वर्कशॉपवर गेला. संघदीप नात्यानं लांबचा भाऊ, वेल्डिंगचं काम करायचा.

“जयभीम भाऊ. पुढं वजन लावाचं हाय. नाक उचलून राह्यलं.”

“जयभीम. आजवर काय होतं पुढं?”

“तुही वहिनी.”

संघदीप मनापासून हसला. “मंग तं सोपं हाय. वहिनीच्या भारात चालत होता नं? वहिनीले काट्यावर उभी कर अन् आकडा सांग. त्याच्याहून चार किलो वरतं लोखंड कापून देतो.”

गावात मोठा काटा होता तो मारोतरावांच्या अंगणात. कापसाचा हिशेब त्यावर व्हायचा. मागच्या हंगामात गंमत म्हणून वेचणाऱ्या बायका एकेक करून त्यावर उभ्या राहिल्या होत्या आणि नलू बावन्न भरली होती. ते उकंडाला आठवत होतं, पण संघदीपनं मोजून आण म्हटलं म्हणजे मोजून न्यायचं, असा त्याचा स्वभाव. “चाल, काट्यावर जाऊन येऊ,” तो म्हणाला तेव्हा नलूनं बरेच आढेवेढे घेतले. कपडे धुवायचे आहेत, पाणी यायचं आहे. शेवटी मागच्या दारानं जाऊन आली आणि मगच निघाली.

मारोतराव ओट्यावर बसले होते. त्यांची बायको शकुबाई तूर पाखडत होती. नलू काट्यावर चढली. आकडा एक्कावन्नावर थांबला.

“पाह्य,” उकंडा खूश होऊन म्हणाला, “एका किलोचा फरक. म्हणजे खोट ट्रॅक्टरमंदीच हाय.”

मारोतरावांचा सगळा जन्म कापूस मोजण्यात गेला होता. गाठोड्यात दगड घालून वजन वाढवणारे त्यांनी खूप पाहिले होते. त्यांची नजर सवयीनंच नलूच्या कमरेकडे गेली आणि ते गमतीनं म्हणाले, “नलूबाई, ओटी सोड ना व. कापसात गोटे टाकतेत तशी चढली का तू काट्यावर?”

खरंच गंमत होती ती. मारोतराव मनानं वाईट नव्हते. पण नलूचं तोंड पांढरंफटक पडलं. ती घाईनं उतरायला गेली, ओटीची जुनी गाठ सुटली, आणि काट्याच्या पत्र्यावर दगड पडायला लागले. नाल्यातले गोल गुळगुळीत काळे गोटे. एक, मग दोन, मग सगळे. पत्रा वाजतच राहिला.

शकुबाईचं सूप हातातच राहिलं. दगड घरंगळून खाली गेले, नलू एकटी काट्यावर राहिली, आणि आकडा हलत हलत चाळीसवर येऊन थांबला.

उकंडानं तो आकडा पाहिला. मग नलूकडे पाहिलं. रोज समोर बसणारी बायको त्यानं त्या दिवशी पाहिली. गालाची हाडं, गळ्याजवळचा खड्डा, कोपरापर्यंत सरकलेल्या बांगड्या. हे सगळं केव्हा झालं? तो स्टेअरिंगवर होता आणि ती समोर होती, मग तो दिवसभर बघत तरी काय होता? त्याला लाज वाटली. इतकी लाज वाटली की मारोतरावांसमोर मान वर करवेना. शकुबाईनं येऊन नलूला हाताला धरून खाली उतरवलं. उकंडा खाली बसला आणि एकेक गोटा वेचून आपल्या दुपट्ट्यात बांधत राहिला. ते तिथंच टाकून जावं असं त्याला वाटेना.

घराकडे येताना त्यानं विचारलं, “काहून केलं व असं?”

“तुमी म्हणले होते, लोखंड आणतो म्हणून.”

“मी मजाकमंदी म्हणलो होतो!”

“मले काय मालूम?” नलू म्हणाली. ती चालता चालता थांबत होती. “पोटात अन्न ठरत नाई दिवाळीपासून. हलकी होऊन राह्यली हे समजत होतं मले. नाक उचललं का तुमी माह्याकडं पाहात होते. म्या म्हणलं, गोटे घेतले तं भागते. लोखंड लावलं तं मले घरी बसावं लागीन ना. घरी कोण हाय माहं?”

रस्त्यात उकंडाला रडू फुटलं. बाईसमोर, भर दिवसा, गावच्या रस्त्यात. समोरून सायकलवर येणाऱ्यानं मान खाली घातली आणि निघून गेला.

मग एसटीनं यवतमाळ. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. पोटात गाठ होती आणि ती इकडंतिकडं पसरून गेली होती. डॉक्टर तरुण होती, मनानं चांगली होती. कागदावर लिहिता लिहिता तिनं विचारलं, “वजन कधीपासून कमी होतंय?”

“सोयाबीन निघालं तवापासून,” उकंडा म्हणाला.

“इतकं नक्की कसं सांगता? घरी मोजत होता का?”

“नाई. ट्रॅक्टरचं नाक तवापासून उचलून राह्यलं, मॅडम.”

डॉक्टरला काही उमगलं नाही. तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. बंपर, पोतं, थडी, ओटी. सांगताना त्याचं त्यालाच ऐकू येत होतं. ट्रॅक्टरनं सोयाबीनपासूनच सांगितलं होतं आणि त्यानं ग्रीस भरलं होतं. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, घरी न्या, जे आवडतं ते खाऊ द्या.

खरं तर मरणाला फसवायचं कसं, हे उकंडाच्या घरात जुनं होतं. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं होतं आणि नावही उकिरड्याचंच ठेवलं होतं, म्हणजे मरण त्याच्याकडे बघणार नाही. तो जगला. नलूला बिचारीला मरणाला फसवायचं नव्हतंच. तिनं फसवलं ते त्याला, आणि तो काही न करता फसला. हे त्याच्या मनातून जाईना.

दीपा सासरहून येऊन राहिली. चैत्र गेला. नलू खाटेवर एवढीशी झाली. एका सकाळी तिनं विचारलं, “लोखंड लावलं का वो?”

“नाई लावलं,” उकंडा म्हणाला. ते खोटं होतं. संघदीपनं रुळाचे तुकडे कापून, हूक लावून दोनच दिवसांपूर्वी आणून दिले होते आणि स्वतः बंपरवर बसवून गेला होता. कामं थांबली होती, लोक निरोप पाठवत होते.

“मंग मले एक डाव न्या ना. थडीवरून.”

“आई, काईच्या काई बोलू नको,” दीपा म्हणाली. मग तिनं बापाकडे पाहिलं आणि तिला कळलं की तो न्यायला निघालाच आहे. “बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर हाय का?”

नव्हतं. त्यानं पोतं चौघडी केलं आणि लोखंड नीट झाकलं. नलूला उचललं, तर हाताला भार म्हणून लागेना. तिला बंपरवर बसवून त्यानं दीपाच्या ओढणीनं जाळीला सैलसर बांधलं.

“रोटाव्हेटर हाय ना मागं?” नलूनं विचारलं. “रिकामा ट्रॅक्टर फिरवसान तं मी नाई येत.”

“हाय. पाह्य वाकून.”

“माही ओटी?”

दीपानं ओटी आणून कमरेला बांधली.

“अन् माहे गोटे?”

गोटे ट्रॅक्टरच्या पेटीत होते, दुपट्ट्यात बांधलेले. उकंडानं ते आणले आणि एकेक करून आपल्या हातानं तिच्या ओटीत ठेवले. तीनचार ठेवल्यावर तिला धाप लागली. तो थांबला. “अजून एक,” नलू म्हणाली. त्यानं सगळ्यात लहान होता तो ठेवला.

अगदी हळू, पहिल्या गिअरमध्ये तो निघाला. दीपा बाजूनं चालत होती, आईच्या पाठीला हात देऊन. थडी आली. उकंडानं रोटाव्हेटर उचलला आणि नलूच्या तोंडाकडे पाहत ट्रॅक्टर चढावर घातला. नाक उचललं नाही.

वर आल्यावर त्यानं इंजिन बंद केलं.

“पाह्यलं?” नलू म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

“पाह्यलं.”

“होते का हे लोखंडाच्यानं?”

“लोखंडाच्या बापाच्यानं होत नाई.”

ती हसली. समोर तोडलेल्या पऱ्हाटीचं रिकामं शेत होतं, त्यावर ऊन पसरत होतं. तिनं अंगठा तोंडाकडे नेऊन चहाची खूण केली. दीपानं बाटलीतला घोटभर चहा पाजला, तो तिच्या पोटात राहिला.

परत आल्यावर उकंडा तिला उतरवायला वाकला. आधारासाठी तिनं बंपरवर हात टेकला आणि तो पोत्याखाली गेला. तो तिथंच राहिला. तिनं बोटांनी चाचपून पाहिलं, मग हळूच पोतं पुन्हा सारखं केलं.

“गार हाय वो हे,” ती म्हणाली.

उकंडाचा हात लोखंडाच्या हुकाकडे गेला.

“राहू द्या. काढू नका,” नलू म्हणाली. “पडसान नाई तं तुमी.”

बुद्धपौर्णिमेच्या आधी नलू गेली. विहारातली माणसं आली, भंतेजी आले, त्रिसरण झालं. दीपा काही दिवस राहून परत गेली. जाताना तिनं आईची ओटी बरोबर नेली. गोटे मात्र बापाला मागितले नाहीत, आणि त्यानंही दिले नसते.

पेरणी तोंडावर आली. मारोतराव स्वतः घरी आले आणि म्हणाले, “उकंडा, असा किती दिवस बसशीन? चाल, माह्याच वावरातून सुरू कर.” त्या दिवशीची गंमत त्यांच्या मनाला लागली होती. नलूचं नाव घ्यायचं झालं की ते इकडंतिकडं पाहायचे.

उकंडा गेला. दिवसभर काम केलं. समोर बोनेटच्या पलीकडे नुसतं शिवार दिसत होतं. इतकं सगळं दिसतं हे त्याला माहीतच नव्हतं. संध्याकाळी परतताना थडी आली. त्यानं रोटाव्हेटर उचलला, चढावर घातला, आणि हात हलवून जोरात ओरडला, “नलू, पुढं सरक!”

नाक उचललं नाही. चाकं जमिनीला चिकटून होती आणि स्टेअरिंग हातात घट्ट होतं. ट्रॅक्टर असा सरळ चढला, जसं काही कोणी गेलंच नाही. उकंडाला वाटलं होतं, निदान थोडं तरी उचलेल. नलू नाही, एवढं तरी ट्रॅक्टरला कळेल. वर येऊन त्यानं इंजिन बंद केलं आणि स्टेअरिंगवर डोकं टेकवलं.

मारोतराव मागून चालत येत होते. त्यांनी ओरडणं ऐकलं होतं. ते जवळ येऊन उभे राहिले. त्यांनी बंपरवरच्या लोखंडाला हात लावून पाहिला.

उकंडा खाली उतरला. पेटीतून दुपट्टा काढला. लोखंडावर पोतं चौघडी करून नीट अंथरलं आणि त्यावर ते गोटे एकेक करून ठेवले, सगळ्यात लहान मधोमध.

“अजून कायले वजन ठेवतं बापा?” मारोतराव हलक्या आवाजात म्हणाले. “लोखंड पुरे नाई का?”

उकंडानं डोळे पुसले आणि पोत्याचं टोक गोट्यांखाली खोचलं.

“ट्रॅक्टरले पुरे हाय, भाऊ.”